मानवी हक्कांचे खटले लढवणाऱ्या वकिलांना संरक्षण कोण देतं?

नवी मुंबईत खारघरच्या पुढे तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. आर्थर रोड आणि ठाण्याच्या तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी त्याचा मोठा उपयोग होतो. पत्ता नवी मुंबईचा असला तरी महसुली नकाशावर हा भाग रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येतो. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. इथल्या कैद्याला भेटायला येणारा वकील हार्बर लाइनने खारघरला उतरतो आणि पुढे रिक्षा करतो. गेटवर ओळखपत्र दाखवतो, वकीलपत्र दाखवतो आणि आपला नंबर यायची वाट पाहतो.

२०२० नंतरची काही वर्षं या तुरुंगात दोन वकील असे होते, जे गेटबाहेर नव्हे तर आत होते. नागपूरचे अॅड. सुरेंद्र गडलिंग आणि मुंबईचे अॅड. अरुण फरेरा. दोघंही भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी. त्यांचं नातं त्याहून जुनं आहे. फरेरा यांना २००७ मध्ये नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून नागपुरात अटक झाली होती, तेव्हा त्यांचे वकील गडलिंग होते. फरेरा जवळपास पाच वर्षं तुरुंगात राहिले, पुढे त्या खटल्यांतून निर्दोष सुटले आणि मग त्यांनी स्वतः कायद्याचं शिक्षण घेऊन वकिलीची सनद घेतली. २०१८ मध्ये वकील आणि त्यांचा एकेकाळचा अशील असे दोघंही एकाच प्रकरणात आरोपी झाले.

गडलिंग किंवा फरेरा दोषी आहेत की नाहीत, हे न्यायालय ठरवेल. प्रश्न वेगळा आहे. सरकारला, पोलिसांना किंवा जमावाला नको असलेल्या माणसाचं वकीलपत्र जो घेतो, त्याच्या पाठीशी कायदा कितपत उभा राहतो? महाराष्ट्रात या प्रश्नाची उत्तरं कुर्ल्यात, वरळीत, नागपुरात आणि राहुरीत वेगवेगळ्या वेळी मिळाली आहेत. त्यातली फारच थोडी समाधानकारक आहेत.

सोळा आरोपी, त्यात तीन वकील

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, भीमा कोरेगाव परिसरात हिंसाचार उसळला. पुणे पोलिसांनी पुढे असा दावा केला की परिषदेमागे बंदी असलेल्या माओवादी पक्षाचा हात होता. १७ एप्रिल २०१८ ला गडलिंग यांच्या नागपुरातल्या घराची झडती झाली आणि ६ जूनला त्यांना अटक झाली. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात आला आणि पुरुष आरोपी येरवड्याहून तळोजाला आले.

या प्रकरणात एकूण सोळा जणांना अटक झाली. त्यातले तीन वकील: गडलिंग, फरेरा आणि छत्तीसगडमध्ये कामगार-आदिवासींचे खटले लढवणाऱ्या सुधा भारद्वाज. तिघंही इंडियन असोसिएशन ऑफ पीपल्स लॉयर्स या वकिलांच्या संघटनेत होते. गडलिंग तिचे सरचिटणीस होते.

गडलिंग यांची ओळख विदर्भात अनेक वर्षांची आहे. दलित कुटुंबातून आलेला, गडचिरोलीतल्या आदिवासींचे आणि यूएपीए कायद्याखालच्या आरोपींचे खटले लढवणारा वकील, अशी. प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या गडचिरोलीतल्या खटल्यात तेच बचाव पक्षाचे वकील होते. त्या खटल्यात २०१७ मध्ये साईबाबांना जन्मठेप झाली. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. वकिलाने केलेला बचाव अपिलात टिकला, तेव्हा तो वकील स्वतः तळोजाच्या कोठडीत होता.

तपास यंत्रणेचं म्हणणं असं की अटक वकिली केल्याबद्दल नाही, माओवादी पक्षाशी असलेल्या संबंधांबद्दल आहे. गडचिरोलीतल्या सुरजागड इथे डिसेंबर २०१६ मध्ये खाणीच्या कामावरची सत्तरहून जास्त वाहनं जाळली गेली. त्या प्रकरणातही गडलिंग आरोपी आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांना त्यात जामीन नाकारला.

दुसऱ्या बाजूला संगणकांचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीने बचाव पक्षाच्या विनंतीवरून गडलिंग यांच्या हार्ड डिस्कची प्रत तपासली. संगणकात दूरवरून शिरून कागदपत्रं पेरण्यात आली होती, असा निष्कर्ष तिने २०२१ मध्ये काढला. एनआयएला हा निष्कर्ष मान्य नाही. त्याची शहानिशा साक्षीपुराव्यातच होऊ शकते, आणि साक्षीपुरावा सुरू व्हायला आधी आरोपनिश्चिती व्हावी लागते. २०२५ पर्यंत तीही झालेली नव्हती.

यूएपीएच्या कलम ४३ड(५) मुळे मधला हा काळ फार महाग पडतो. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटत असतील तर न्यायालयाने जामीन देऊ नये, असं हे कलम सांगतं. साध्या गुन्ह्यात 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' असं म्हणतात. इथे ते उलटं होतं. भारद्वाज यांना डिसेंबर २०२१ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर जामीन मिळाला. फरेरांना २८ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. २०२५ संपत आलं तेव्हा सोळांपैकी बहुतेक जण जामिनावर बाहेर होते, गडलिंग मात्र तळोजातच होते.

मधल्या काळात त्यांनी स्वतःच्या खटल्यात स्वतःच युक्तिवाद केले. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या आईचं कोविडने निधन झालं, तेव्हा त्यांना तात्पुरता जामीन मिळाला नाही. वर्षश्राद्धासाठी मात्र उच्च न्यायालयाने पुढच्या ऑगस्टमध्ये काही दिवसांची परवानगी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तळोजातल्या आरोपींनी उपोषण केलं, कारण पोलीस गार्ड नाही म्हणून त्यांना तारखेला न्यायालयात नेलंच जात नव्हतं. खारघर ते फोर्ट हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. गार्ड नसेल तर तेही पार होत नाही.

वकिलाचाच वकील शोधावा लागतो तेव्हा

वकिलाला अटक झाली की त्याच्या कार्यालयातल्या इतर अशिलांचं काय होतं, याची चर्चा फारशी होत नाही. गडलिंग यांच्याकडे असलेल्या खटल्यांतले बहुसंख्य आरोपी गरीब, दुर्गम भागातले. त्यांच्या फायली, त्यांच्या तारखा दुसऱ्या कुणीतरी उचलायच्या. उचलणाऱ्यालाही प्रश्न पडतो: उद्या माझंही नाव येईल का?

हा प्रश्न हवेतला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने जाहीर केलं की पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांचे फोन लक्ष्य केले गेले. त्यात भारतातले जे लोक होते, त्यांच्यापैकी एक होते नागपूरचे अॅड. निहालसिंग राठोड. ते गडलिंग यांच्यासोबत काम करत आणि अटकेनंतर त्यांच्या बचावाचं काम पाहत होते. पुढे जून २०२० मध्ये अॅम्नेस्टी आणि कॅनडातल्या सिटिझन लॅबने आणखी एक अहवाल दिला. त्यात सापळा लावलेल्या ईमेलने लक्ष्य केलेल्या नऊ जणांची माहिती होती, आणि त्या नऊ जणांतही वकील होते.

वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. हे संरक्षण पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. तुरुंगातल्या भेटीचा नियमही त्यावरूनच आला आहे: अधिकाऱ्याला भेट दिसली पाहिजे, ऐकू येता कामा नये. वकिलाच्या फोनमध्ये कुणी शिरलं असेल, तर भेटीच्या खोलीतला हा नियम पाळूनही काही उरत नाही.

कुर्ला, ११ फेब्रुवारी २०१०

तळोजाची गोष्ट यंत्रणेच्या दबावाची आहे. दुसरा धोका थेट गोळीचा असतो, आणि त्याचं महाराष्ट्रातलं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे अॅड. शाहिद आझमी.

गोवंडी-देवनार भागात वाढलेले आझमी १९९० च्या दशकात, अगदी तरुण वयात, टाडाखाली पकडले गेले. सुमारे पाच वर्षं तिहारमध्ये काढली, तिथेच शिकले. बाहेर आल्यावर वकील झाले आणि दहशतवादाच्या खटल्यांतल्या गरीब आरोपींची वकीलपत्रं घेऊ लागले. २००६ चा मालेगाव स्फोट, त्याच वर्षीचे मुंबईतल्या लोकलमधले स्फोट, आणि शेवटी २६/११. या शेवटच्या खटल्यात ते फहीम अन्सारी या आरोपीची बाजू मांडत होते.

११ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कुर्ल्यातल्या टॅक्सीमेन्स कॉलनीत, त्यांच्या कार्यालयात अशील म्हणून आलेल्या लोकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते ३२ वर्षांचे होते. त्यांना आधीपासून धमक्या येत होत्या.

त्यानंतर जे झालं ते तारखांच्या क्रमाने वाचावं. ३ मे २०१० ला विशेष न्यायालयाने फहीम अन्सारीला पुराव्याअभावी निर्दोष ठरवलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. मालेगाव २००६ मधले आठ आरोपी २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. लोकल स्फोट प्रकरणात २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयाने सांगितलं, आणि ते अपील वेगळं आहे. आझमींच्या खुनाचा खटला मात्र घटनेनंतर दहा वर्षं उलटली तरी चालूच होता.

आझमींवर २०१३ मध्ये 'शाहिद' हा सिनेमा आला. त्यामुळे त्यांचं नाव लोकांना माहीत झालं. धमक्या आल्या तेव्हा त्यांना पुरेसं संरक्षण का मिळालं नाही, ही चर्चा मात्र तिथे पोचली नाही.

'कसाबची वकील' हे विशेषण

२६/११ च्याच खटल्यातली आणखी एक घटना बरेच जण विसरले आहेत. अजमल कसाबला वकील मिळेना. मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने त्याचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. अमरावतीतल्या एका वकिलाने तयारी दाखवली, तर त्याच्या घरासमोर जमाव गेला.

३० मार्च २००९ ला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी विधी सेवेच्या यादीतून अॅड. अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. त्यांनी हे काम मागून घेतलं नव्हतं, न्यायालयाने सोपवलं होतं. त्यांचे पती स्वतः पोलीस दलात होते. तरीही त्याच रात्री त्यांच्या वरळीतल्या घराबाहेर शिवसैनिकांचा जमाव आला, घोषणा झाल्या, दगडफेक झाली. वाघमारे यांनी विचार करायला वेळ मागितला आणि अखेर काम स्वीकारलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून त्यांना कडक पोलीस संरक्षण मिळालं. दोन आठवड्यांनी त्यांची नेमणूक रद्द झाली, पण वेगळ्या कारणाने: हल्ल्यातल्या एका जखमीचं नुकसानभरपाईचं प्रकरण त्यांच्याकडे होतं, म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष होता.

वकील दिला नसता तर कसाबवरचा खटला वरच्या न्यायालयात टिकला नसता, हे तेव्हा सरकारी पक्षालाही कळत होतं. संविधानाचं कलम २२(१) अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा अधिकार देतं, आणि कलम ३९अ ऐपत नसलेल्याला मोफत कायदेशीर मदत. दोन्ही कलमांत 'चांगल्या आरोपीला' असं लिहिलेलं नाही.

डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात ते आणखी स्पष्ट केलं. अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव घटनाविरोधी आणि शून्यवत आहेत. गंमत अशी की त्या प्रकरणात ज्यांना वकील नाकारला गेला होता, ते आरोपी पोलीस होते. कोइंबतूरच्या वकिलांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. हा नियम कोणा एका बाजूच्या सोयीचा नाही, एवढं यावरून दिसतं. निकाल येऊनही असे ठराव थांबलेले नाहीत. एखादा भीषण गुन्हा घडला की देशात कुठेतरी बार असोसिएशन बैठक घेते आणि सोशल मीडियावर त्या ठरावाचं कौतुक होतं.

हवानाचा कागद

१९९० साली क्युबाच्या हवाना शहरात संयुक्त राष्ट्रांची गुन्हेगारी प्रतिबंधावरची परिषद झाली. तिथे वकिलांच्या भूमिकेविषयी मूलभूत तत्त्वं स्वीकारली गेली. त्यातली तीन इथे लागू होतात. सोळावं तत्त्व: वकिलाला धमकी, अडथळा, छळ किंवा अवाजवी हस्तक्षेपाशिवाय काम करता यावं, याची जबाबदारी सरकारची. सतरावं: काम केल्यामुळे वकिलाची सुरक्षितता धोक्यात आली, तर अधिकाऱ्यांनी त्याला पुरेसं संरक्षण द्यावं. अठरावं: वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या विचारांशी एकरूप मानू नये.

आझमी, वाघमारे, गडलिंग या तिन्ही प्रकरणांच्या मुळाशी अठरावं तत्त्व आहे. जमावाला दगड मारताना, सुपारी घेणाऱ्याला गोळी झाडताना आणि ट्रोल करणाऱ्याला 'देशद्रोह्यांचा वकील' लिहिताना एकच गोष्ट सोपी वाटते: हा त्याचाच माणूस आहे. तपास यंत्रणा वकिलावर गुन्हा दाखल करते तेव्हा तिला हे वाटणं पुरेसं नसतं, वकिलाने स्वतः काय केलं हे दाखवावं लागतं. वकिली ही गुन्ह्यापासून मिळालेली सूट नाही. वकिलाने अशिलासाठी युक्तिवाद केला, त्याला तुरुंगात भेटला, त्याची फी घेतली किंवा नाही घेतली, हे मात्र पुरावा म्हणून वापरता येत नाही. अडचण ही की हवानाची तत्त्वं कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत.

समन्सचा प्रश्न आणि २०२५ चा निकाल

जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवलं. कारण एका कंपनीला दिलेल्या कायदेशीर सल्ल्याचं होतं. वकिलांच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर समन्स मागे घेतलं गेलं. त्याच सुमारास गुजरातेत एका वकिलाला पोलिसांनी अशिलाच्या प्रकरणात बोलावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने विषय स्वतःहून हाती घेतला.

३१ ऑक्टोबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकारी वकिलाला बोलावू शकत नाही. कलम १३२ मधला एखादा अपवाद लागू होत असेल, उदाहरणार्थ वकिलाशी झालेला संवादच गुन्हा करण्यासाठी होता, तरच बोलावता येईल. तेव्हाही कोणता अपवाद आणि का, हे समन्समध्ये लिहावं लागेल आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल. वकिलाचा लॅपटॉप किंवा फोन हवा असेल तर तो न्यायालयासमोर आणायचा, आणि इतर अशिलांची माहिती उघडी पडणार नाही याची काळजी घ्यायची. कंपन्यांच्या पगारावर असलेल्या कायदा अधिकाऱ्यांना हे संरक्षण पूर्णपणे मिळणार नाही.

मोठ्या वकिलांना समन्स आलं तेव्हा हे घडलं, हेही नोंदवायला हवं. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला पोलीस ठाण्यातून फोन येतो, 'जरा येऊन जा' असं सांगितलं जातं. त्याचा कागद नसतो, म्हणून त्याची याचिकाही होत नाही. शिवाय हा निकाल साक्षीदार म्हणून बोलावलेल्या वकिलाबद्दल आहे. ज्याला थेट आरोपी केलं, त्याला या निकालाने काही मिळत नाही.

डॉक्टरांसाठी कायदा, पत्रकारांसाठी कायदा

महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून वेगळा कायदा आहे. पत्रकार आणि माध्यमांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठीही राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. म्हणजे खटल्यात साक्ष देणाऱ्याला संरक्षण मागण्याची एक ठरलेली वाट आहे. त्याच खटल्यात उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासाठी तशी वाट नाही. १९६१ चा वकील कायदा वकिलाने गैरवर्तन केलं तर काय करायचं हे सविस्तर सांगतो, वकिलावर हल्ला झाला तर काय करायचं हे सांगत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या राहुरीत आढाव या वकील दाम्पत्याचं अपहरण करून खून झाला. मृतदेह उंबरे गावातल्या विहिरीत सापडले. ते प्रकरण मानवी हक्कांच्या खटल्याचं नव्हतं, खंडणीचं होतं, आणि आरोपींमध्ये त्यांचाच एक अशील होता. पण त्यानंतर राज्यभरातल्या वकिलांनी काम बंद ठेवलं आणि वकील संरक्षण कायद्याची मागणी तालुका न्यायालयांपर्यंत पोचली. २०२५ पर्यंत तरी महाराष्ट्राने असा कायदा केला नव्हता.

इतरांनी केला. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये विधेयक मंजूर केलं, जोधपूरमध्ये एका वकिलाचा भररस्त्यात खून झाल्यानंतर. कर्नाटकचा कायदा २०२३ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि जून २०२४ पासून लागू झाला. त्यात हल्लेखोराला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणखी एक उपयोगाची तरतूद: वकिलाला अटक केली तर पोलिसांनी चोवीस तासांत त्याच्या वकील संघटनेला कळवायचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये केलेला मसुदा याहून पुढे जातो. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय वकिलाला अटकच करू नये, असं तो म्हणतो.

शेवटच्या मुद्द्यावर आक्षेप आहेत आणि ते चुकीचे नाहीत. न्यायालयांच्या आवारात वकिलांनीच पक्षकारांना, पोलिसांना, कधी आरोपींना मारहाण केल्याच्या घटना कमी नाहीत. वकिलाविरुद्ध तक्रार असलेल्या सामान्य माणसाने मग कुठे जायचं? सरसकट सूट देणारा कायदा उद्या गुंडगिरी करणाऱ्या वकिलाच्याही कामी येईल. कर्नाटकची पद्धत, म्हणजे हल्ल्याला शिक्षा आणि अटकेची माहिती लगेच संघटनेला, अधिक शहाणपणाची वाटते. अर्थात राज्यांचे हे कायदे प्रामुख्याने खासगी हल्लेखोराचा विचार करतात. पाळत, झडती, वर्षानुवर्षं न चालणारा खटला यांवर त्यांत उपाय नाही.

धमकी आली तर नवी मुंबईत काय करता येतं?

वेगळा कायदा नसला तरी सध्याच्या कायद्यात काही मार्ग आहेत. धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना, म्हणजे इथे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाला लेखी द्यायचं आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. संरक्षण हवं असेल तर अर्जात नुसतं 'जिवाला धोका' लिहून भागत नाही. कोणत्या खटल्यामुळे, कुणाकडून, केव्हा आणि कशा धमक्या आल्या याच्या तारखा, स्क्रीनशॉट, फोनच्या नोंदी जोडल्या तर धोक्याचं मूल्यमापन करणाऱ्या अधिकाऱ्यांना तो बाजूला सारणं कठीण जातं. नकार आला तर मुंबई उच्च न्यायालयात कलम २२६ खाली याचिका करता येते.

ज्या न्यायालयात खटला चालू आहे, त्या न्यायाधीशांच्या कानावर धमकी लगेच घालणं हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि बऱ्याचदा सगळ्यात लवकर परिणाम करणारा मार्ग आहे. वाघमारे यांना संरक्षण मिळालं ते याच वाटेने. बेलापूर किंवा पनवेलच्या वकील संघटनेला आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलला कळवलं तर निदान नोंद राहते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची असेल तर घटनेला एक वर्ष व्हायच्या आत करावी लागते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात मानवी हक्क रक्षकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र संपर्क अधिकारी आहे. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही, हे लक्षात ठेवूनच तिथे जावं.

ऑनलाइन धमकीच्या बाबतीत एक साधी गोष्ट: पोस्ट रिपोर्ट करून डिलीट व्हायच्या आधी तिची लिंक, वेळ आणि प्रोफाइल जतन करावं. एखाद्या वकिलाचा नंबर किंवा घराचा पत्ता 'याला जाब विचारा' म्हणून फिरत असेल, तर तो फॉरवर्ड करणारासुद्धा चौकशीत येऊ शकतो.

माद्रिद, बेलफास्ट, लक्झेंबर्ग

२४ जानेवारी हा दिवस जगभर 'संकटातल्या वकिलांचा दिवस' म्हणून पाळला जातो. १९७७ मध्ये याच तारखेला स्पेनची राजधानी माद्रिदमध्ये अतिउजव्या बंदूकधाऱ्यांनी कामगारांचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात शिरून पाच जणांना ठार केलं होतं.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे पॅट फिनुकेन यांचं प्रकरण आझमींच्या प्रकरणाशेजारी ठेवण्यासारखं आहे. ते आयआरएच्या आरोपींचे वकील होते. १२ फेब्रुवारी १९८९ ला घरात, बायकामुलांसमोर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या खुनात सरकारी यंत्रणांचं धक्कादायक प्रमाणात संगनमत होतं, असा अहवाल २०१२ मध्ये आला आणि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी माफी मागितली. सार्वजनिक चौकशी जाहीर व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. तोवर पस्तीस वर्षं झाली होती.

मार्च २०२५ मध्ये युरोप परिषदेने वकिली व्यवसायाच्या संरक्षणासाठी पहिला बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. तो मे महिन्यात लक्झेंबर्गमध्ये सह्यांसाठी खुला झाला. हवानाच्या कागदात जे 'करावं' होतं, ते इथे 'करावंच लागेल' झालं आहे. वकिलावर हल्ला, धमकी किंवा छळ झाल्यास सरकारने तपास केला पाहिजे, आणि वकिलाला अशिलाशी एकरूप मानल्यामुळे त्याचं नुकसान होऊ नये, असं हा करार सांगतो. आठ देशांनी मान्यता दिल्यावर तो लागू होतो. भारत युरोप परिषदेचा सदस्य नाही. परिषदेबाहेरच्या देशांनाही त्यात येण्याची सोय ठेवलेली आहे, पण त्यासाठी आधी त्यांनी इच्छा दाखवावी लागते.

तळोजातल्या प्रकरणात पुढची पायरी आरोपनिश्चितीची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरजागड प्रकरणातल्या जामीन अर्जावर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला विचारलं होतं की खटला इतका का लांबला. गडलिंग यांच्या अटकेला तेव्हा सात वर्षं आणि तीन महिने झाले होते.